न मोजलेला कोन

भूमितीच्या पहिल्या पुस्तकांतलें एक उदाहरण आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं सोडविलेलें असतें. त्रिकोणाचे दोन कोन दिले आहेत, एक ५० अंशांचा व दुसरा ६० अंशांचा. तर तिसरा काढा. मुलगा दोहोंची बेरीज १८० मधून वजा करितो, ७० असें उत्तर लिहितो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. यांत कांहीं विलक्षण घडलें असें त्यालाहि वाटत नाहीं व त्याच्या शिक्षकांसहि वाटत नाहीं. वस्तुतः जो कोन त्यानें मोजला नाहीं, ज्याच्यापर्यंत तो गेलाहि नाहीं, त्याचें माप त्यानें शपथेवर सांगावें तसें सांगून टाकलेलें असतें. आकृतीवर कोनमापक ठेवून पडताळा पाहण्याचीहि सोय नसते, कारण पुस्तकांतील आकृति बहुधा प्रमाणांत काढलेली नसते. न पाहिलेल्या वस्तूविषयीं इतक्या निःशंकपणें बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कोणत्या विद्येंत इतक्या स्वस्तांत मिळतो तें मला ठाऊक नाहीं. मनुष्यजातीला मात्र तो स्वस्तांत मिळालेला नाहीं. आणि मिळाल्यावर तो स्वतःचा कीं उसना, या विवंचनेंत दोन हजार वर्षें गेलीं.

कोन मोजणें ही गोष्ट फार जुनी आहे. वर्तुळाचे ३६० भाग करण्याची रीति बाबिलोनी ज्योतिष्यांपासून चालत आली, आणि साठांनीं मोजण्याची त्यांची आवड आपल्या घड्याळांत अद्याप टिकून आहे. पण मोजणें निराळें आणि एका कोनावरून दुसरा ओळखणें निराळें. हें दुसरें काम ग्रीकांनीं केलें. दोन सरळ रेषा एकमेकींस छेदितात तेव्हां समोरासमोरचे कोन सारखे असतात, हें प्रथम थेलीझनें ओळखलें, असें प्रोक्लस हा पांचव्या शतकांतला टीकाकार युडेमसच्या जुन्या इतिहासाच्या आधारें सांगतो. इतकी उघड गोष्ट सिद्ध ती काय करावयाची, असें दरसाल वर्गांत कोणी तरी विचारतोच. कात्रीचीं पातीं जितकीं उघडतात तितक्याच मुठी उघडतात, हें शिंप्यालाहि ठाऊक असतें. पण तें असें दिसतें आणि तें असेंच असलें पाहिजे, या दोन वाक्यांमध्यें जें अंतर आहे त्यांतच सगळी भूमिति सामावली आहे. एका सरळ रेषेवर शेजारीशेजारी असलेले दोन कोन मिळून दोन काटकोन होतात. समोरासमोरचे दोन्ही कोन मधल्या एकाच कोनाशीं मिळून दोन काटकोन करितात. म्हणून ते समान. एवढ्याशा तर्कानें 'दिसतें' याचें 'असलेंच पाहिजे' झालें.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन होते, ही गोष्ट सिद्ध करण्याचें श्रेय युडेमस पायथागोरसच्या अनुयायांस देतो. त्यांची युक्ति इतकी सुंदर आहे कीं ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्रिकोणाच्या शिरोबिंदूंतून पायाशीं समांतर अशी एक रेषा काढावी. पायापाशीं डावीकडे जो कोन आहे त्याचा जोडीदार वर डाव्या बाजूस उभा राहतो, उजवीकडचा उजव्या बाजूस. आणि शिरोबिंदूचा स्वतःचा कोन त्या दोहोंच्या मधोमध बसतो. तिघेहि एकाच सरळ रेषेवर शेजारीशेजारी आले. झालें. कांहीं मोजलें नाहीं, कांहीं कापून जुळविलें नाहीं. फक्त एक रेषा काढली.

त्या एका रेषेंतच सगळा घोटाळा दडलेला आहे. तो प्रथम नीट ओळखला इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास आलेक्झांड्रियास राहणाऱ्या युक्लिडनें, आणि त्याच्या थोरवीचें मला हें मोठें गमक वाटतें. छेदिकेचे व्युत्क्रमकोन समान असले तर रेषा समांतर असतात, हें त्यानें सुखानें सिद्ध केलें. उलट बाजू, म्हणजे रेषा समांतर असल्या तर व्युत्क्रमकोन समान असतात हें, त्याला हातच्या साधनांनीं सिद्ध करितां येईना. पायथागोरसपंथीयांना नेमकी हीच बाजू लागते. तेव्हां युक्लिडनें प्रामाणिकपणें एक गृहीतक मागून घेतलें: एका रेषेनें दोन रेषांस छेदिलें असतां एका अंगाचे आंतले दोन कोन मिळून दोन काटकोनांहून कमी भरले, तर त्या दोन रेषा वाढविल्यावर त्या अंगास केव्हां तरी मिळतील. हें त्याचें पांचवें गृहीतक. पहिलीं चार एकेका ओळींत संपतात. हें लांबलचक आणि अवघड, गृहीतकापेक्षां सिद्धांतच शोभेल असें. ग्रंथाच्या पहिल्या भागांतले अठ्ठावीस सिद्धांत होईपर्यंत युक्लिड त्याला शिवतहि नाहीं. एकोणतिसाव्याला नाइलाज होतो, आणि बत्तिसाव्यांत आपल्या शाळकरी मुलाचा अधिकार पदरीं पडतो.

या अधिकाराच्या जोरावर ग्रीकांनीं काय केलें त्याचें एकच उदाहरण पुरे. इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत एराटोस्थेनीझ यास असें कळलें होतें कीं, दक्षिणेस साईनी गांवीं, म्हणजे आजच्या आस्वानास, उन्हाळ्यांतील सर्वांत मोठ्या दिवशीं मध्यान्हीं वस्तूंची सावली पडत नाहीं. त्याच दिवशीं आलेक्झांड्रियास सूर्य डोक्यावरून वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७ अंश १२ कला ढळलेला दिसे. आतां दोन्ही गांवच्या उभ्या रेषा खालीं वाढविल्या तर त्या पृथ्वीच्या मध्यबिंदूंत मिळतील. तेथें कोण जाणार? पण सूर्याचे किरण समांतर मानले तर आलेक्झांड्रियाच्या सावलीचा कोन आणि पृथ्वीच्या पोटांतला कोन हे व्युत्क्रमकोन होत. दोन गांवांमधलें अंतर ५००० स्टेडिया. त्याच्या पन्नासपट, २,५०,००० स्टेडिया, पृथ्वीचा घेर. स्टेडियाची लांबी नक्की किती, यावर पंडितांचें भांडण आहे. तें चालूं द्यावें. ज्या कोनाचा शिरोबिंदु जमिनीखालीं चार हजार मैलांवर आहे तो एका सावलीवरून वाचला गेला, हें लक्षांत ठेवण्याजोगें.

आपल्याकडे काय होतें? या प्रश्नावर सुशिक्षितांत दोन तट पडतात. एकाच्या मतें वेदांत सर्व कांहीं होतें, दुसऱ्याच्या मतें कांहींच नव्हतें. दोघांनींहि बहुधा मूळ ग्रंथ उघडलेले नसतात. शुल्बसूत्रांत दोरी आणि खुंट्या यांनीं काटकोन साधण्याच्या अचूक रीति आहेत. आर्यभटानें ४९९ सालीं, ३४३८ कलांची त्रिज्या घेऊन, २२५ कलांच्या अंतरानें चोवीस ज्या दिल्या. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (११५०) भुज, कोटि आणि कर्ण यांचे संबंध विपुल आहेत. पण भुज आणि कर्ण यांच्यामधला कोन, तो स्वतः एक राशि आहे, दुसऱ्या कोनांत मिळवितां अथवा त्यांतून वजा करितां येतो, ही कल्पना त्या भूमितींत नाहीं. ज्या असते ती चापाची. आमच्या ज्योतिष्यांचें त्यावांचून अडलेंहि नाहीं. अक्षांश हवे असले कीं ते बारा अंगुळांचा शंकु उभा करीत, विषुवदिनीं मध्यान्हीं त्याची सावली, म्हणजे पलभा, मोजीत, आणि शंकु, पलभा व कर्ण यांच्या लहान त्रिकोणावरून त्रैराशिकानें आकाशांतले मोठे त्रिकोण सोडवीत. ग्रीक मनुष्य कोनावरून कोनाकडे गेला, आपला मनुष्य लहान त्रिकोणावरून मोठ्याकडे. दुसरी वाट कमी प्रतीची होती असें मी म्हणणार नाहीं. पण हें असेंच कां, असा प्रश्न तिच्यावर कोणाला पडला नाहीं, एवढें मात्र खरें.

युक्लिड संस्कृतांत आला तो फार उशिरां, आणि अरबींतून. जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंगाच्या पदरीं असलेल्या सम्राट् जगन्नाथानें १७१८ च्या सुमारास नसीरुद्दीन तूसी याच्या अरबी संस्करणावरून रेखागणित नांवाचा पंधरा अध्यायांचा ग्रंथ रचिला. जगन्नाथाचा हा ग्रंथ मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत १९०१ व १९०२ सालीं छापून निघाला. तोंवर शाळांतून इंग्रजी युक्लिडचें राज्य स्थिर होऊन गेलें होतें. जयसिंगानें जयपुरास उभारलेलें सम्राट् यंत्र अनेक वाचकांनीं पाहिलें असेल. त्याची ती प्रचंड तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर आहे, आणि म्हणूनच ती जमिनीशीं जो कोन करिते तो जयपूरच्या अक्षांशांइतका, सुमारे २७ अंशांचा आहे. समांतर रेषांचा सिद्धांत येथें दगडचुन्यांत उभा केलेला दिसतो.

जयपुरास अशीं यंत्रें उभीं राहत होतीं त्याच सुमारास, १७३३ सालीं, इटलींत सॅकेरी नांवाच्या एका जेझुइट अध्यापकानें त्याच सिद्धांताच्या पायाखालीं खणण्यास सुरुवात केली. तो कांहीं पहिला नव्हे. पांचवें गृहीतक इतर चारांवरून सिद्ध करून त्याची उसनवारी फेडावी, असा हव्यास प्रोक्लसपासून सर्वांना होता. माधव जूलियनांच्या भाषांतरांतून मराठी वाचकांस जो उमर खय्याम परिचित झाला, त्यानें १०७७ सालीं युक्लिडच्या गृहीतकांतील अडचणींवर एक गंभीर ग्रंथ लिहिला, हें त्याच्या मदिरेच्या कीर्तींत बुडून गेलें आहे. तूसीनेंहि प्रयत्न केला. ऑक्सफर्ड येथें १६६३ सालीं वॉलिस यानें दाखविलें कीं, आकार तोच ठेवून त्रिकोण हवा तेवढा मोठा करितां येतो एवढें मान्य केलें, तर पांचवें गृहीतक त्यांतून निघतें. म्हणजे आमच्या ज्योतिष्यांचें तें निरुपद्रवी त्रैराशिकहि याच पायावर उभें होतें!

सॅकेरीची रीति वकिलाची होती. प्रतिपक्षाचें म्हणणें क्षणभर खरें मानावयाचें आणि त्यालाच बोलूं देऊन विसंगतींत पकडावयाचें. पायावर दोन सारखे लंब उभे करून त्यांचीं टोकें जोडलीं, तर वरचे दोन कोन समान होतात. ते काटकोन आहेत, विशालकोन आहेत कीं लघुकोन? विशालकोन त्यानें तेव्हांच बाद केला. लघुकोन मानला तर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० हून कमी भरते. त्यांतून तो सिद्धांतामागून सिद्धांत काढीत गेला, सगळे चमत्कारिक, पण एकमेकांशीं पूर्ण जुळणारे; विसंगति कांहीं सांपडेना. शेवटीं, हें सरळ रेषेच्या स्वभावालाच विरुद्ध आहे, असा निकाल देऊन त्यानें खटला संपविला. त्याच्या ग्रंथाच्या नांवांतच युक्लिडला सर्व दोषांतून मुक्त केल्याचा डौल आहे. कोलंबस नव्या खंडावर उतरूनहि आपण हिंदुस्थानांत आहों असेंच समजत होता; सॅकेरीची गत त्याहून निराळी नव्हे.

पुढें लँबर्टच्या ध्यानांत आलें कीं, या चमत्कारिक भूमितींत बेरजेंतली तूट त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे लहान त्रिकोणांत ती कोणाला दिसणारच नाहीं! फ्रान्समध्यें लझान्द्रनें आपल्या पाठ्यपुस्तकाच्या एकामागून एक आवृत्त्यांत नवनव्या सिद्धता दिल्या आणि त्या एकामागून एक लंगड्या ठरल्या. हंगेरींत फार्कश बोल्याइ यानें आपल्या उमेदीचीं वर्षें यांतच घालविलीं. त्याचा मुलगा यानोश याच फंदांत पडला आहे असें कळतांच, या समांतर रेषांच्या वाटेस जाऊं नकोस, त्या तुझें आरोग्य, शांति आणि आयुष्याचें सुख खाऊन टाकतील, अशा अर्थाचीं काकुळतीचीं पत्रें बापानें लिहिलीं. मुलगे अशीं पत्रें वाचून ऐकते तर जगाचा इतिहास फार लहान झाला असता. ऑस्ट्रियाच्या सैन्यांत इंजिनियर असलेल्या या मुलानें १८२३ च्या नोव्हेंबरांत बापाला कळविलें कीं, आपण शून्यांतून एक नवें जग निर्माण केलें आहे. पांचवें गृहीतक सिद्ध करण्याचा नाद त्यानें सोडून दिला होता. तें नाकारूनहि एक सुसंगत भूमिति उभी राहते, हें त्याला दिसलें होतें.

तें काम बापाच्या ग्रंथाच्या परिशिष्टांत १८३२ सालीं छापलें गेलें. बापानें तें आपला जुना मित्र गौस याजकडे पाठविलें. गौसचें उत्तर आलें कीं, याची स्तुति करणें म्हणजे माझीच स्तुति करणें होय, कारण हे विचार माझ्या मनांत फार दिवसांपासून आहेत. उत्तर खरें होतें. पण खरें उत्तरहि किती निष्ठुर असूं शकतें! यानोशचें मन कडू झालें, आणि त्यानें पुन्हां कांहीं प्रसिद्ध केलें नाहीं. तिकडे रशियांत कझान येथें लोबाचेव्हस्कीनें तीच भूमिति १८२९ मध्येंच छापली होती. यांपैकीं एकाला दुसऱ्याची वार्ता नव्हती. ही नवी भूमिति युक्लिडच्या भूमितीइतकीच निर्दोष आहे, असें १८६८ मध्यें बेल्ट्रामीनें दाखविलें. तेव्हां पांचवें गृहीतक इतरांवरून सिद्ध होणें शक्यच नाहीं, हें पक्कें झालें. युक्लिडनें तें मागून घेतलें होतें तें बरोबरच केलें होतें.

यानोशनें तें पत्र लिहिलें त्याच वर्षाच्या आरंभीं, २० जानेवारी १८२३ रोजीं, आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें एक वृद्ध इंग्रज अधिकारी मरण पावला. त्याची कबर अजून तेथें आहे. विल्यम लँबटन त्याचें नांव. त्यानें १८०२ च्या एप्रिलांत मद्रासजवळ साडेसात मैलांची एक आधाररेषा साखळीनें मोजली, आणि त्या एका रेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत वीस वर्षें तो उत्तरेकडे सरकत होता. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले कीं उरलेल्या बाजू गणितानें निघतात. त्यांवर पुढचे त्रिकोण. त्याचें कोन मोजण्याचें यंत्र, थिओडोलाइट, सुमारें अर्ध्या टनाचें होतें. इकडे येतांना वाटेंत तें फ्रेंचांच्या हातीं सांपडलें, आणि त्यांनीं तें सौजन्यपूर्वक परत धाडलें. तंजावरास १८०८ सालीं देवळाच्या शिखरावर चढवितांना दोर तुटून तें आपटलें; लँबटननें तंबूंत बसून आठवडेच्या आठवडे त्याचें वांकलेलें चक्र आपल्या हातानें सरळ केलें.

या मोजणींत शाळकरी मुलाच्या उदाहरणाच्या उलट प्रकार चाले. दोन कोनांवरून तिसरा काढतां येत असतांहि शक्य तेथें तिन्ही मोजीत. तिसरा कोन येथें साक्षीदार असे. तिन्हींची बेरीज जितकी असावी तितकी न भरली, तर जी चूक उरे ती डोळ्याची अथवा यंत्राची. पण बेरीज किती असावी? १८० अंश नव्हे, किंचित् अधिक. कारण पृथ्वीचा पृष्ठभाग वांकलेला आहे. उत्तर ध्रुवापासून दोन रेखावृत्तें काटकोन करून विषुववृत्तापर्यंत आणलीं तर जो त्रिकोण होतो त्याचे तिन्ही कोन काटकोन असतात, बेरीज २७० अंश. लहान त्रिकोणांत ही वाढ दर ७६ चौरस मैलांस सुमारें एक विकला पडते. बोल्याइची शंका सपाट पृष्ठावरच्या त्रिकोणाविषयीं होती. ही वाढ पृथ्वीच्या गोलाईची आहे. या दोहोंची गल्लत करूं नये. ही वाढ तिन्ही कोनांतून सारखी वजा करून सपाट त्रिकोणासारखें गणित करावें, ही सोयीची युक्ति १७८७ सालीं काढली ती त्याच लझान्द्रनें, ज्याला पांचव्या गृहीतकानें जन्मभर दाद दिली नाहीं. गौसनेंहि १८२० नंतरच्या वर्षांत हानोव्हर प्रांताची मोजणी केली. तींतल्या सर्वांत मोठ्या त्रिकोणांत ही वाढ १४.८५ विकलांची होती. अवकाशाचा खरा स्वभाव पाहण्याकरितांच त्यानें हा त्रिकोण मोजला, अशी एक आवडती कथा आहे. इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवीत नाहींत.

लँबटनचें काम पुढें एव्हरेस्टनें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें, आणि तेथें साक्षीदार संपले. नेपाळांत मोजणीदारांस प्रवेश नव्हता. सपाट प्रदेशांतल्या ठाण्यांवरून शंभर मैलांहून दूर असलेलीं शिखरें १८४९-५० च्या हंगामांत पाहिलीं गेलीं. त्यांतल्या एकास पंधरावें शिखर असा नुसता क्रमांक दिला होता. समजा, दोन ठाण्यांमधलें अंतर ३० मैल. एके ठिकाणीं शिखराच्या दिशेनें ८० अंशांचा कोन झाला व दुसऱ्या ठिकाणीं ८५ अंशांचा. मग शिखरावरचा कोन १५ अंश, अधिक गोलाईच्या सुमारें २२ विकला. त्यावरून शिखर दुसऱ्या ठाण्यापासून सुमारें ११४ मैल. त्या १५ अंशांत एका कलेची चूक झाली तर अंतर सुमारें ६५० फुटांनीं चुकतें, आणि अंतर चुकलें कीं उंची चुकते. या उदाहरणांतले आंकडे माझे आहेत, पण रीति तीच. शिखरावर जाऊन तो कोन पडताळणारा कोणी नव्हता. शाळेंतल्या मुलाप्रमाणें तो वजाबाकीनेंच काढावयाचा होता.

असे किरण एका शिखराकडे सहा ठाण्यांवरून गेले होते. गणना खात्यांत १८३१ पासून असलेल्या राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या देखरेखीखालीं या गणिताचा मोठा भाग झाला, आणि पंधरावें शिखर जगांत सर्वांत उंच ठरलें. उंची २९,००२ फूट म्हणून १८५६ सालीं जाहीर झाली; शिखराला नांव मात्र एव्हरेस्टचें मिळालें, ज्यानें तें मोजलें नव्हतें. आज मान्य असलेली उंची, २०२० सालीं नेपाळ व चीन यांनीं मिळून जाहीर केलेली, ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट आहे. जो तीस फुटांचा फरक पडला त्याचें मोठें कारण हवेंतून येतांना किरण वांकतो हें. किती वांकतो याला तेव्हां कोणताच सिद्धांत पुरेसा नव्हता.

नेपाळी मोजणीदारांनीं २०१९ च्या मे महिन्यांत उपग्रहांचे संदेश टिपणारें एक यंत्र त्या शिखरावर नेऊन ठेविलें होतें. त्या संदेशांवरून अंतर काढावयाचें तर उपग्रहांवरील घड्याळांत आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांताप्रमाणें दुरुस्ती करावी लागते. आणि त्या सिद्धांतांत, जड पदार्थांच्या सान्निध्यांत, प्रकाशकिरणांनीं काढलेल्या त्रिकोणाचे तीन कोन मिळून नेमके दोन काटकोन होत नाहींत.